लाइन चालू आहे, असं धरूनच

मृगाचे पहिले चार थेंब पडतात, लाइट जाते आणि गावोगाव एकच तक्रार सुरू होते: अजून अंगण भिजलं नाही तोच यांची लाइन कशी काय गेली? तक्रार रास्त आहे. उत्तर खांबांवर आणि टॉवरवर टांगलेल्या चिनी मातीत आहे. उन्हाळाभर तापलेल्या इन्सुलेटरवर गार थेंब पडला की त्याला तडा जाऊ शकतो, हे वीज कंपनीवाले दरवर्षी पत्रक काढून सांगतात. त्याहून खोडकर असते ती धूळ. औष्णिक केंद्रांच्या आसपास राख, सिमेंट कारखान्यांच्या पट्ट्यात सिमेंट, कोकणात खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ. कोरडा असेतोवर हा थर निरुपद्रवी असतो, आणि धो धो पाऊस तर तो धुऊनच काढतो. घात होतो तो रिमझिमीत, धुक्यात, पहाटेच्या दवात. थर भिजतो पण वाहून जात नाही. ओल्या थरातून प्रवाह झिरपतो, मध्ये कुठे वाळलेली पट्टी राहिली तर तिथे ठिणग्या नाचू लागतात, आणि एका क्षणी इन्सुलेटरच्या वरून खालपर्यंत आगीची रेघ उमटून लाइन ट्रिप होते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. लाइन बहुतेक वेळा लगेच परत चालू होते. इन्सुलेटर मात्र दर वेळी जसाच्या तसा उरतो असं नाही.

हायवेवरून जाताना मोठ्या टॉवरच्या हातांना लोंबणाऱ्या बशांच्या माळा आपण पाहतो. ती एकेक बशी म्हणजे डिस्क. आपल्याकडची नेहमीची डिस्क साधारण २५५ मिलिमीटर व्यासाची, वजनाला पाच-सहा किलोची. वर लोखंडी टोपी, खाली पोलादी पिन, मध्ये चिनी माती, आणि तिघांना धरून ठेवणारं सिमेंट. एकीची पिन दुसरीच्या टोपीत अडकवून, वर छोटी क्लिप मारून माळ ओवायची. तिला लाइनवरचे लोक स्ट्रिंग म्हणतात. १३२ केव्हीला नऊ-दहा डिस्क, २२० ला चौदा-पंधरा, ४०० केव्हीला तेवीसच्या आसपास. रस्त्यावरून डिस्क मोजल्या की लाइन किती केव्हीची ते सांगता येतं. मुलांबरोबर प्रवासात हा खेळ खेळून बघावा, वेळ बरा जातो.

विजेचा दाब मात्र या डिस्क समान वाटून घेत नाहीत. २२० केव्हीच्या लाइनमध्ये तार आणि जमीन यांत १२७ केव्हीचा फरक असतो. चौदा डिस्कमध्ये तो भागला तर प्रत्येकीच्या वाट्याला नऊ केव्ही यायला हवेत. प्रत्यक्षात तारेजवळच्या डिस्कवर याच्या दुपटीच्या आसपास दाब येतो आणि टॉवरकडच्या निवांत असतात. म्हणून तारेकडची डिस्क आधी थकते. थकलेल्या डिस्कचं दुखणं बाहेरून दिसेलच असंही नाही. चिनी मातीच्या डिस्कला टोपीच्या आत, जिथे नजर पोचत नाही तिथे, बारीक भोक पडतं. तिला पंक्चर डिस्क म्हणतात. ती माळेत लटकत राहते, वजन पेलते, दुर्बिणीतून बघणाऱ्याला धडधाकट दिसते आणि वीज अडवत नाही. पुढच्या फ्लॅशओव्हरला हजारो अँपिअरचा प्रवाह तिच्या पोटातून गेला तर आतली हवा आणि ओल क्षणात फुगते, टोपी फुटते आणि तार खाली येते. खाली शेत असतं, रस्ता असतो. काचेच्या डिस्कचा स्वभाव याच्या उलट. ती बिघडली की बशी चुरा होऊन गळून पडते, टोपी-पिनचं बोडकं खोड उरतं आणि तेही भार धरून ठेवतं. पेट्रोलिंगला गेलेल्या माणसाला ते लांबून दिसतं. काचेची अडचण एवढीच की बेचकी घेऊन हिंडणाऱ्या पोरांनाही ती लांबून दिसते.

बदलायची तर लाइन बंद करा आणि बदला, असं कोणीही म्हणेल. खांबावरच्या ११ केव्हीला तेच करतात. मोठ्या लाइनचं गणित वेगळं आहे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारताचं ग्रीड कोसळलं, त्याआधी बिना-ग्वाल्हेर या ४०० केव्ही मार्गाची एक सर्किट नियोजित कामासाठी बंद होती. उरलेल्या सर्किटवर भार वाढत गेला आणि ती ट्रिप झाली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रीड गेली. साठ कोटींवर माणसं राहत असलेला मुलूख अंधारात होता. महाराष्ट्र पश्चिम ग्रीडमध्ये असल्यामुळे वाचला. आपली पाळी १२ ऑक्टोबर २०२० ला आली. त्या सकाळी कळवा-पडघे पट्ट्यातल्या ४०० केव्ही लाइन एकामागून एक गेल्या, दुसरी एक मोठी लाइन आधीपासूनच बंद होती, आणि दहाच्या सुमारास मुंबईच्या लोकल जागच्या जागी थांबल्या. कुठलीही एक लाइन बंद करणं म्हणजे शेजारच्या लाइनींना तिचं ओझं देणं. ते ओझं पेलेल की नाही याचा हिशोब ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात बसलेल्या माणसाला करावा लागतो, आणि तो सहसा सांगतो: आज नको.

महाराष्ट्रात यात ऋतूंचा एक पेच आहे. विजेची मागणी सर्वांत कमी असते ती भर पावसाळ्यात, शेतीपंप बंद असताना. लाइन बंद मिळणं तेव्हा सोपं, पण टॉवरवर चढणं अवघड. पाऊस संपून हवा कोरडी होते, चढण्यासारखे दिवस येतात, तेव्हा रब्बीचे पंप सुरू झालेले असतात आणि लाइन सुटत नाही. त्यात पैशाचाही भाग आहेच. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०१९ ते २०२४ च्या दरनियमांत एसी लाइनची उपलब्धता ९८ टक्के धरली होती. उरलेले दोन टक्के म्हणजे वर्षातले साधारण सात दिवस. तेवढ्यात सगळी दुरुस्ती बसवायची, नाहीतर महसुलाला कात्री.

म्हणून हॉटलाइन. लाइन चालू ठेवूनच डिस्क बदलायची.

या कामाची सकाळ चढण्यापासून सुरू होत नाही. आधी उपकेंद्राशी बोलणं होतं, परमिट होतं. त्यात एक गोष्ट काटेकोर असते: ऑटो रिक्लोज बंद. एरवी लाइनवर दोष आला की ब्रेकर सेकंदाच्या दहाव्या भागात उघडतो आणि साधारण सेकंदभरात आपोआप परत बसतो. आपल्या घरात दिवा डोळा मिचकावतो तो बऱ्याचदा यामुळे. टॉवरवर माणसं असताना ही सोय जीवघेणी ठरू शकते. म्हणून ती बंद करून ठेवतात, आणि काम चालू असताना लाइन काही कारणाने ट्रिप झालीच, तर हॉटलाइनच्या गँगप्रमुखाशी बोलल्याशिवाय उपकेंद्राने ती चालू करायची नाही, असं ठरतं. लाइन ट्रिप झाली म्हणून टॉवरवरच्या माणसाने ती मेली असं समजायचं नसतं. त्याच्यासाठी ती अजून चालूच आहे.

मग आकाश बघायचं. गडगडाट ऐकू आला, धुकं असलं, पावसाची सर दिसली, वारा वाढला, तर काम नाही. लांब कुठेतरी वीज कडाडली तरी तिची लाट तारेवरून धावत येऊ शकते, हे साध्या डोळ्यांना दिसणारं भय नाही. ते मोजून ठेवलेलं भय आहे. चालू तारेपासून किती लांब राहायचं हे अंतरही नुसत्या २२० केव्हीवरून ठरत नाही. ब्रेकर उघडता-बसताना नेहमीच्या दाबाच्या दोन-तीन पट उसळी क्षणभर येते, ती धरून अंतर ठरवतात. अमेरिकेच्या जुन्या सुरक्षा तक्त्यांत २३० केव्हीला हे अंतर १.६ मीटरच्या आसपास आहे. काम करायची लांब स्टिक धरणाऱ्याचा हात, कोपर, हेल्मेट, यातलं काहीही त्या रेषेच्या आत जाऊ द्यायचं नाही. खाली जमिनीवर एक माणूस फक्त हे बघायला उभा असतो. तो स्वतः काहीच काम करत नाही. माझ्या मते त्या दिवशीचं सर्वांत कठीण काम त्याचंच, कारण तासन्‌तास नुसतं बघत राहणं कोणालाही जमत नाही, आणि हात रिकामे असलेला माणूस मदतीला धावतोच.

स्टिक म्हणजे फायबरग्लासची लांब नळी, आत फोम भरलेला, म्हणजे पोकळीत ओल साचत नाही. ती जमिनीवर ठेवायची नाही; ताडपत्रीवर किंवा स्टँडवर ठेवायची. घामाच्या हाताने पकडायची नाही. दर वेळी सिलिकॉनच्या फडक्याने पुसायची, टेस्टरने तपासायची, ओरखडा असेल तर बाजूला टाकायची. अमेरिकी नियमांत वापरातल्या स्टिकने दर फुटाला ७५ हजार व्होल्ट मिनिटभर सोसले पाहिजेत असं आहे. एवढी ताकद असलेली वस्तू धुळीच्या पातळ थराने आणि दवाने निकामी होते, अगदी वरच्या डिस्कसारखीच. ज्या दुखण्याने इन्सुलेटर गेला तेच दुखणं तो बदलणाऱ्या हत्यारालाही होऊ शकतं. म्हणून हे पुसणं-झटकणं सोवळ्यासारखं पाळतात.

वर चढल्यावर पहिलं काम मोजणीचं. स्टिकच्या टोकाला धातूचा दुबेळका असतो. तो एका डिस्कच्या टोपीला आणि पिनेला एकाच वेळी टेकवतात. डिस्क चांगली असेल तर बारीक ठिणगी पडून चर्र असा आवाज येतो. डिस्क पंक्चर असेल तर काहीच ऐकू येत नाही. ओरडते ती शाबूत, गप्प बसते ती मेलेली. अशा गप्प डिस्क मोजत जायचं. कारण उरलेल्या चांगल्या डिस्क ठरावीक संख्येपेक्षा कमी भरल्या, तर त्या स्ट्रिंगजवळ कामच करायचं नाही. खराब डिस्क जास्त म्हणून तर बदलायला आलो, आणि फारच खराब निघाल्या म्हणून खाली उतरायचं, हे वरवर उफराटं वाटेल. पण चालू लाइनवर उतरून यायची तयारी ठेवूनच चढायचं असतं.

मग भार उचलणं. २२० केव्हीच्या लाइनवर बहुधा ‘झेब्रा’ नावाचा कंडक्टर असतो. मीटरला १.६ किलोपेक्षा थोडा जास्त. दोन टॉवरमधलं अंतर ३५० मीटर धरलं, तर एका स्ट्रिंगला साडेपाचशे किलोहून जास्त तार लोंबत असते, तीही चालू. हे वजन आधी स्ट्रिंगवरून काढून स्टिकवर घ्यायचं. टॉवरच्या क्रॉस आर्मवर एक जोखड बसवतात, त्यातून दोन जाड ताणस्टिक खाली सोडून कंडक्टरला धरतात, आणि वरचे टर्नबकल हळूहळू पिळत जातात. दोन्ही बाजू सारख्या. एक आटा इकडे, एक आटा तिकडे. वरचा माणूस सांगतो, खालचा तेच मोठ्याने परत म्हणतो. न ऐकता मान डोलावणं चालत नाही. थोड्या वेळाने माळ सैल पडते. इतका वेळ ताठ असलेल्या डिस्क किंचित कलतात, आणि तेव्हा कळतं की सगळं वजन आता दोन फायबरग्लासच्या दांड्यांवर आहे.

इथून क्रमाला महत्त्व. आधी सुटते ती तारेकडची बाजू. लांब स्टिकने क्लिप ओढायची, दुसऱ्या स्टिकने पिन टोपीतून बाहेर काढायची. दीड-दोन मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाने बोटभर क्लिप काढणं म्हणजे काय हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. नवख्यांचा अर्धा प्रशिक्षणकाळ यातच जातो. तारेकडून सुटलेली माळ बाजूला ओढून धरतात, तिच्यात आणि तारेत पुरेसं अंतर पडतं, आणि मगच टॉवरकडचं टोक सोडवून सत्तर-ऐंशी किलोची ती माळ दोराने खाली उतरवतात. टॉवरकडून आधी सोडली असती, तर चालू तारेला टांगलेली माळ माणसाच्या छातीसमोर झुलली असती. नवी माळ चढते ती उलट्या क्रमाने. टॉवरकडे आधी, तारेकडे शेवटी, क्लिप बसल्याची खात्री, मग टर्नबकल ढिले करत भार परत माळेवर. नवी क्लिप नीट बसली की नाही हे बघायला एक माणूस आणि परत बघायला दुसरा. इतकी खबरदारी घेऊन अर्धवट बसलेल्या क्लिपमुळे सहा महिन्यांनी तार खाली आली, तर कोणाला सांगणार?

ही झाली सरळ लोंबणारी स्ट्रिंग. लाइन जिथे वळते तिथल्या टॉवरवर माळा आडव्या असतात. त्यांच्यावर तारेच्या वजनापेक्षा तारेचा ताण जास्त असतो, तोही टनांमध्ये. तिथलं काम याहून दांडगं.

४०० केव्ही आणि वर मात्र स्टिकच इतक्या लांब लागतात की त्यांनी नाजूक काम होत नाही. तिथे माणूस लांब राहण्याऐवजी थेट तारेपर्यंत जातो. याला बेअरहँड पद्धत म्हणतात. पोलादी धागा विणलेला पूर्ण अंगाचा पोशाख, टोपी, हातमोजे, मोजे, सगळे एकमेकांना जोडलेले. इन्सुलेटिंग शिडीवरून किंवा दोराच्या झुल्यावरून तो तारेकडे सरकतो आणि शेवटच्या हातभर अंतरावर धातूची कांडी पुढे करतो. कांडी आणि तार यांत चर्रर्र करत ठिणगी उडते, कांडी टेकते आणि ठिणगी थांबते. त्या क्षणापासून तो आणि तार एकाच दाबावर असतात. तारेवर बसलेल्या साळुंकीला काही होत नाही ते याच कारणाने, फक्त साळुंकीला पोशाख लागत नाही. माणसाला लागतो, कारण भोवतीच्या विद्युतक्षेत्राने त्याच्या त्वचेवर मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं होईल. बंद धातूच्या कवचाच्या आत क्षेत्र पोचत नाही, हे मायकेल फॅरेडेने १८३६ मध्ये मोठा पिंजरा बांधून दाखवलं होतं. हा पोशाख म्हणजे शिवून घेतलेला फॅरेडेचा पिंजरा. तारेवर बसलेल्या माणसाला मग तार सुरक्षित आणि टॉवर धोक्याचा. वरून हत्यार मागायचं तर टॉवरवरच्या माणसाने ते त्याच्या हातात द्यायचं नाही, दोराने पाठवायचं.

पद्धत जुनी आहे. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या आसपासच लाइनमन लाकडी काठ्यांनी चालू तारांवर कामं करू लागले होते. लाकूड ओल पितं, म्हणून पन्नासच्या दशकाअखेर फायबरग्लास आलं, आणि १९६० च्या सुमारास बेअरहँड. आपल्याकडे बेंगळुरूला हॉटलाइनचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. राज्याराज्यांतले लाइनमन तिथे जाऊन शिकतात, आणि परतून आपल्या पारेषण कंपनीच्या हॉटलाइन गँगमध्ये दाखल होतात. महाराष्ट्रात, जुन्या वीज मंडळाचे जून २००५ मध्ये भाग पडले तेव्हापासून, मोठ्या लाइन महापारेषणकडे आहेत.

लाकडी काठीचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. आपल्या खेड्यांत डीपीवरचा डीओ फ्यूज उडाला की वाट न बघता सुका वेळू घेऊन तो बसवणारे शेतकरी कमी नाहीत. कल्पना तीच, शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकी लाइनमनची. फरक असा की वेळू किती सुका, हात किती ओला, पायाखाली चिखल किती, याची मोजदाद नाही. रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरणाऱ्या माणसाला ती करायला फुरसतही नसते.

आणि इथेच या सगळ्या विषयातली मला महत्त्वाची वाटणारी बाजू येते. २२० केव्हीच्या चालू तारेशी खेळणाऱ्या गँगकडे आपण धाडस म्हणून बघतो. पण खांबावर जीव जातात ते बऱ्याचदा बंद लाइनवर. म्हणजे बंद आहे असं समजलेल्या. लाइन तोडणारा एबी स्विच उघडला पण त्याचं एक पातं बसूनच राहिलं; फिडर बंद केला तो शेजारचा होता; मंगल कार्यालयातल्या जनरेटरने मागून वीज फेकली; वरून जाणाऱ्या दुसऱ्या लाइनची तार टेकली; फोनवर परमिट मिळालं आणि फोनवरच कोणीतरी ते परतही केलं. मोठ्या लाइनवर तर एका टॉवरच्या दोन सर्किटपैकी एक बंद केली, तरी दुसरीच्या शेजाराने बंद तारेत जीव घेण्याइतका दाब उतरतो. या प्रत्येकावर उपाय जुना आणि स्वस्त आहे: टेस्टरने तपासा, डिस्चार्ज रॉड लावा, काम चालेल त्याच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करा. पण सांजवेळी गाव अंधारात, सरपंचाचा फोन चालू, सोबत कोणी नाही, डिस्चार्ज रॉड सेक्शन ऑफिसात, आणि खांबावर चढलेला मुलगा कंत्राटी. त्याला आपण जनमित्र म्हणतो. त्याच्या खांद्यावर जनांचा भार फार आणि मित्रांची सोबत कमी.

हॉटलाइनच्या गँगला समजूत करून घ्यायची मुभाच नसते. लाइन चालू आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तेच धरून प्रत्येक दोर, प्रत्येक आटा आणि प्रत्येक अंतर ठरलेलं असतं. कायद्यानेही त्यांना वेगळं काढलं आहे: केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार, नेमून दिलेल्या माणसाखेरीज आणि विद्युत निरीक्षकाने मान्य केलेल्या खबरदारीखेरीज चालू लाइनवर कोणीही काम करायचं नाही, त्याला मदतही करायची नाही. मरणाऱ्या जनमित्राला असं वेगळं काढण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण कागदावर त्याची लाइन बंदच असते. हॉटलाइनची साधनं गावोगाव देता येणार नाहीत, ते परवडणारंही नाही. तिची सवय देता येईल, म्हणजे अर्थिंगचा दांडा दोन्ही बाजूंना लागेपर्यंत लाइन चालूच धरायची. त्याला लागतो तो दुसरा माणूस आणि दहा मिनिटं. आणि नेमकं तेवढंच द्यायला कोणी तयार नसतं.

हॉटलाइनवाल्यांपुढेही आता नवा पेच आहे. धूळ आणि धुक्याला कंटाळून पारेषण कंपन्या चिनी मातीच्या जागी पॉलिमरचे इन्सुलेटर बसवत चालल्या आहेत. वजनाला हलके, पाणी अंगावर ठरू न देणारे, दगडाने न फुटणारे. वरून सिलिकॉन रबर, आत फायबरग्लासचा दांडा. त्यात मोजायला डिस्कच नाहीत. चांगल्या किती आणि मेलेल्या किती, हा चर्रचा हिशोब इथे लागू पडत नाही. रबराला बारीक चीर पडली, ओल आत गेली, आम्ल तयार झालं, तर आतला दांडा बाहेर काही न दाखवता तुटू शकतो. थर्मल कॅमेऱ्याने आणि विद्युतक्षेत्र मोजणाऱ्या यंत्राने अंदाज घेता येतो, पण दुबेळक्याच्या चर्रइतकी सरळ साक्ष अजून कुठलं यंत्र देत नाही. शंका असलेला पॉलिमर इन्सुलेटर चालू लाइनवर बदलायचा की नाही, यावर गँगप्रमुख नाही म्हणाला तर त्याला दोष देता येत नाही. मग शटडाउन मागावा लागतो, ऐरोलीला फोन जातो, आणि पुन्हा तेच उत्तर येतं: रब्बीचा भार आहे, आज नको.